एका कांचतंतूवरील तीस संभाषणें

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यांत, कर्नाटकाच्या सीमेजवळ, मैंदर्गी नांवाचें गांव आहे. सीमेवरच्या गांवांची रीत अशी कीं, एकाच ओट्यावर एक जण मराठींत विचारतो, दुसरा कानडींत उत्तर देतो आणि तिसरा दोन्ही भाषा मिसळून आपलें मत सांगतो. तरीहि कोणाचें बोलणें कोणाला कळलें नाहीं असें सहसा होत नाहीं; कारण प्रत्येक जण आपली पाळी ओळखून बोलतो. पाळी ओळखण्याचा हा जो साधा व्यवहार, त्याच्यावरच आजच्या विषयाची उभारणी आहे. मोठ्या आवारांत एकमेकांपासून दूर असलेल्या इमारतींतील टेलिफोन कांचेच्या एका बारीक तंतूनें कसे जोडतात, त्या एका तंतूवरून तीस, एकशेंवीस किंवा चारशेंऐशी संभाषणें एकाच वेळीं चाललीं तरी तीं एकमेकांत कां मिसळत नाहींत, आणि अशी जोडणी करतांना कोणत्या गोष्टींचा विसर पडला तर सारें आवार एका क्षणांत मुकें होतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

विषय यंत्राचा असला तरी त्याची सुरुवात घरापासून करणें बरें. अशी कल्पना करावी कीं, मैंदर्गीच्या एका घरांतील आजी सोलापुरांतील एका मोठ्या रुग्णालयांत आहेत. थोरला मुलगा त्यांच्यापाशीं आहे; धाकटा मुलगा व त्याची बायको घरीं आहेत. रात्रीचा एक वाजला तरी सुनेला झोंप नाहीं. "भाऊजींचा मोबाईल बंद लागतो आहे. दवाखान्याच्याच नंबरावर लावून बघतां का?" असें ती नवऱ्याला म्हणते. तो नंबर लावतो. रुग्णालयाच्या फाटकाजवळच्या मुख्य इमारतींत टेलिफोनच्या बोर्डावर बसलेला माणूस तत्काळ उत्तर देतो. "बायकांच्या वॉर्डांत बोलायचें आहे." "थांबा, जोडून देतों." आणि त्यानंतर कांहींच ऐकूं येत नाहीं. घंटा नाहीं, खरखर नाहीं, मनुष्याचा शब्द नाहीं. मैंदर्गीपासून सोलापूरपर्यंतचा पल्ला जो आवाज निमिषांत तोडून आला, तो फाटकाच्या आंत अर्ध्या मैलावर अडला. ही गोष्ट कल्पित आहे. अमुक एका रुग्णालयांत ती घडली असें सांगण्याचा हेतु नाहीं. परंतु ती कोणत्याहि विस्तीर्ण आवारांत घडूं शकते, आणि म्हणूनच तो अर्धा मैल विचार करण्याजोगा आहे.

असें आवार केवळ रुग्णालयाचेंच असतें असें नव्हे. विद्यापीठ, साखर कारखाना, सूतगिरणी, रेल्वेचें मोठें स्टेशन, वीज उत्पन्न करणारें केंद्र, या सर्वांचा पसारा तसाच असतो. सोलापूर शहराच्या आसपासच पाहावयाचें तर २००४ सालीं स्थापन झालेलें आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नांवानें ओळखलें जाणारें विद्यापीठ आहे. १,३२० मेगावॅट शक्तीचें औष्णिक वीजकेंद्र आहे. असल्या संस्थेंत टेलिफोनची व्यवस्था बहुधा अशी असते कीं, मुख्य इमारतींत संस्थेचें स्वतःचें लहानसें एक्स्चेंज असतें. बाहेरून येणाऱ्या थोड्या वाहिन्या तेथें येऊन पोंचतात आणि तेथून प्रत्येक खोलीला, प्रत्येक विभागाला एक एक टेलिफोन दिलेला असतो. खोली त्याच इमारतींत असेल तर प्रश्न उद्भवत नाहीं. ती एक किलोमीटर दूर असली म्हणजे प्रश्न सुरू होतो.

जुना मार्ग तांब्याच्या तारांचा. एका टेलिफोनला तांब्याच्या तारांची एक जोडी लागते. दूरच्या इमारतींत शंभर टेलिफोन हवे असतील तर शंभर जोड्या, म्हणजे दोनशें तारा, एका जाड केबलमध्यें भरून जमिनीखालून न्याव्या लागतात. पुढें त्या इमारतीवर आणखी एक मजला चढला आणि आणखी पन्नास टेलिफोनांची मागणी आली म्हणजे रस्ता पुन्हां खणावयाचा. शिवाय अंतर वाढेल तसा आवाज क्षीण होतो. केबलच्या सांध्यांत पावसाचें पाणी शिरलें कीं खरखर सुरू होते आणि एकाचें बोलणें दुसऱ्याच्या कानांत पडूं लागतें. तांब्याला भंगाराच्या बाजारांत चांगला भाव येत असल्यामुळें केबल चोरीला जाण्याचें भय निराळेंच.

याहून मोठा दोष विजेचा आहे. सोलापूरकडे वैशाखांत दुपार तापून निघते, आणि संध्याकाळीं अकस्मात् ढग भरून वळीव कोसळतो. अशा वेळीं आवारांत कोठें वीज पडली तर त्या ठिकाणच्या जमिनीचा विद्युद्दाब क्षणभर अतोनात वाढतो. दूरच्या दुसऱ्या इमारतीखालची जमीन त्या वेळीं शांत असते. या दोन जमिनींना जोडणारी तांब्याची तार मध्यें असेल तर तो दाब तिच्यावाटे धांवत सुटतो आणि दोन्ही टोकांचीं यंत्रें जाळून टाकतो. संरक्षक साधनें बसवितात, त्यांचा उपयोगहि होतो. तथापि दोन इमारतींमध्यें धातूची तारच नसणें हें सर्वांत खात्रीचें संरक्षण होय. कांच वीजवाहक नाहीं. तिच्यांतून प्रकाश जातो, परंतु आकाशांतील विजेला तिच्यावरून चालून जातां येत नाहीं. तिला भंगारांत भाव नाहीं, म्हणून चोरालाहि तिचा मोह नाहीं. मात्र कांचतंतु ज्या केबलमध्यें घातलेला असतो तिला बळकटीसाठीं पोलादी तार किंवा धातूचें वेष्टन दिलेलें असेल, तर तेवढ्यापुरता हा लाभ उणा होतो. ज्यांना विजेपासून पूर्ण अलिप्तता हवी त्यांनीं निर्धातु केबलच मागून घ्यावी.

येथपर्यंत तांब्याचे दोषच सांगितले. त्याचा एक मोठा गुणहि आहे, आणि तो पुढें फार महत्त्वाचा ठरणार असल्यामुळें आतांच सांगून ठेवला पाहिजे. तांब्याच्या तारेंतून आवाज जातो तसा टेलिफोनला लागणारा वीजप्रवाहहि जातो. एक्स्चेंजमध्यें अठ्ठेचाळीस व्होल्टांची मोठी बॅटरी असते, म्हणजे दोन दोन व्होल्टांच्या चोवीस पेशींची माळ. तिच्या बळावर दूरचा टेलिफोन चालतो. म्हणूनच सारें गांव अंधारांत बुडालें तरी जुन्या पद्धतीचा टेलिफोन बोलत राहत असे.

भारतांत टेलिफोनचीं पहिलीं सार्वजनिक एक्स्चेंजें १८८२ सालीं उघडलीं. मुंबई हें त्यांपैकीं एक ठिकाण होतें. त्या काळीं आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें, जवळच्या दोन एक्स्चेंजांच्या दरम्यान एका जोडीवर एक संभाषण असाच हिशेब होता. लांबच्या मार्गांवर निरनिराळ्या कंपनसंख्यांचा आश्रय करून एका वाटेवर अनेक संभाषणें घालण्याची युक्ति पुढें निघाली. पण आज ज्या पद्धतीचा विचार करावयाचा आहे तिचें मूळ १९३७ सालांत आहे. अ‍ॅलेक रीव्ह्ज नांवाचा इंग्रज अभियंता त्या वेळीं पॅरिसमध्यें काम करीत होता. त्याच्या मनांत असा विचार आला कीं, आवाज जसाच्या तसा तारेवरून पाठविला तर वाटेंतील खरखरहि त्याच्याबरोबर वाढत जाते. त्याऐवजीं आवाजाचें माप घेऊन केवळ मापाचे आंकडे पाठवावेत आणि पलीकडच्या टोकाला त्या आंकड्यांवरून आवाज पुन्हां उभा करावा. कल्पना बिनतोड होती, परंतु त्या काळच्या काचनळ्यांच्या यंत्रांनीं ती अमलांत आणणें परवडण्यासारखें नव्हतें. ट्रान्झिस्टर आल्यावरच ती व्यवहारांत उतरली, आणि १९६२ सालीं अमेरिकेंत दोन जोड्यांवर चोवीस संभाषणें चालविणारी पद्धति सुरू झाली. युरोपांत व पुढें भारतांत तीस संभाषणांची पद्धति रूढ झाली.

हिचें स्वरूप शाळेच्या वेळापत्रकासारखें आहे. शाळेंत एकच प्रयोगशाळा असते. पण पहिल्या तासाला आठवी, दुसऱ्या तासाला नववी, तिसऱ्या तासाला दहावी अशी वाटणी केली म्हणजे सर्व वर्गांचें काम होतें आणि एका वर्गाचीं मुलें दुसऱ्या वर्गांत मिसळत नाहींत. टेलिफोनवरील मानवी आवाजाचें माप सेकंदाला आठ हजार वेळां घेतात. आठ हजारच कां? टेलिफोनवर बोलणें समजण्यास सेकंदाला सुमारें तीन हजार चारशें कंपनांपर्यंतचा आवाज पुरे होतो. थोडी सूट ठेवून ती मर्यादा चार हजार धरली, आणि कोणत्याहि कंपनाची पुन्हां उभारणी करावयाची तर त्याचीं मापें निदान दुप्पट संख्येनें घ्यावीं लागतात, असा गणिताचा नियम आहे. प्रत्येक माप आठ अंकांनीं लिहितात, आणि ते अंक केवळ शून्य व एक हेच असतात. म्हणजे एका संभाषणाला सेकंदास आठ हजार गुणिले आठ, असे चौसष्ट हजार अंक लागतात.

आतां दोन मापांच्या मध्यें किती वेळ रिकामा राहतो तो पाहावा. सेकंदाचा आठ हजारावा भाग, म्हणजे दहा लाखांश सेकंदांच्या हिशेबानें एकशेंपंचवीस भाग. मनुष्याला हा काळ जाणवतहि नाहीं. परंतु यंत्राला तो भला मोठा वाटतो. त्या अवकाशाचे बत्तीस तास पाडतात. त्यांतील तीस तास तीस संभाषणांना दिलेले असतात. एक तास "येथून नवी फेरी सुरू झाली" अशी खूण करण्यासाठीं, आणि एक तास कोणी टेलिफोन उचलला, कोणी नंबर लावला, कोणी ठेवून दिला या वर्दीसाठीं राखलेला असतो. बत्तीस गुणिले चौसष्ट हजार, असे सेकंदाला वीस लाख अठ्ठेचाळीस हजार अंक या वाटेनें जातात. हें वेळापत्रक राबविणाऱ्या यंत्राला मल्टिप्लेक्सर म्हणतात. एका टोकाचा मल्टिप्लेक्सर तीस आवाजांची एक माळ ओंवतो. दुसऱ्या टोकाचा ती माळ सोडवून प्रत्येक मणी ज्याचा त्याला परत देतो. अशा चार माळा एकत्र ओंवल्या कीं एकशेंवीस संभाषणें होतात, आणि सोळा ओंवल्या कीं चारशेंऐशी.

महाराष्ट्राला ही पद्धति नवीन नाहीं. भारतांतील अशा प्रकारची पहिली व्यवस्था १९७५ सालीं मुंबई शहर आणि अंधेरी यांच्या टेलिफोन एक्स्चेंजांमध्यें सुरू झाली. मुंबईच्या रस्त्यांखालीं नव्या केबलला जागा मिळविणें किती दुर्घट, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. असल्या ठिकाणीं आहे त्याच तारांवर अधिक संभाषणें चालविणें हाच शहाणपणाचा उपाय होता. मात्र वाट अजून तांब्याचीच होती.

कांचेची वाट कशी सिद्ध झाली, ही हकीकत मनोरंजक आहे. पाण्याच्या वांकलेल्या धारेबरोबर प्रकाशहि वांकतो, हें एकोणिसाव्या शतकांतच जिनिव्हाचा कोलाडॉन याने दाखविलें होतें. प्रकाश घन माध्यमांतून विरल माध्यमाच्या सीमेवर फार तिरपा आपटला कीं तो बाहेर न पडतां आंतच परततो. असा पुन्हां पुन्हां परतत तो धारेच्या वळणानें पुढें जातो. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडनमध्यें हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र नेण्याचा प्रयोग १९५४ सालीं प्रसिद्ध केला. परंतु त्या काळची कांच इतकी मलिन होती कीं, सुमारें वीस मीटर जातां जातां शंभरांतील नव्याण्णव भाग प्रकाश नाहींसा होई. १९६६ सालीं चार्ल्स काओ यांनीं हॉकम यांच्यासह असें प्रतिपादन केलें कीं, हा दोष कांचेचा नसून तिच्यांतील अशुद्ध द्रव्यांचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर शंभरांतील एक भाग जरी प्रकाश उरला तरी टेलिफोनचें काम भागेल. चारच वर्षांनीं, १९७० सालीं, अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनीं त्याहून स्वच्छ तंतु काढून दाखविला. काओ यांना या कार्याबद्दल २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या उत्तम तंतूंत पंधरा किलोमीटर गेल्यावरहि सुमारें निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. तंतूची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, आणि ज्या गाभ्यांतून प्रकाश जातो तो त्याच्याहि सुमारें चौदाव्या हिश्शाइतका बारीक.

या शोधाला दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं तोंच तो महाराष्ट्रांत येऊन पोंचला. दोन स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारी भारतांतील पहिली कांचतंतु-व्यवस्था १९७९ सालीं पुण्यास सुरू झाली. त्या काळीं घरीं टेलिफोन मिळण्यासाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. आणि त्याच दिवसांत पुण्याच्या मातीखालून मनुष्याचा आवाज प्रकाशाच्या रूपानें जाऊं लागला होता. मुंबई–अंधेरीचें वेळापत्रक आणि पुण्याची कांच, यांचा संगम म्हणजेच आज आवारांत वापरली जाणारी ही जोडणी.

जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें तर आवार या शब्दाचा अर्थच विस्तारला आहे. तेथील विशाल रेडिओ दुर्बिणींत पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत, शेतांमधून व गांवांमधून पसरलेल्या आहेत, आणि त्या मध्यवर्ती इमारतीशीं कांचतंतूंनींच जोडलेल्या आहेत. तेथें तंतूवरून मुख्यतः आकाशांतून आलेले क्षीण संदेश आणि थाळ्या फिरविण्याच्या आज्ञा जातात. तथापि दूर दूर विखुरलेलीं अंगें एका मध्यस्थानाशीं अशीं बांधावयाचीं कीं, वाटेंत कांहीं मिसळूं नये आणि कांहीं हरवूं नये, ही गरज रुग्णालयाची आणि दुर्बिणीची सारखीच आहे.

आतां पुन्हां त्या अर्ध्या मैलाकडे वळावें. मुख्य इमारतींतील एक्स्चेंजपाशीं एक मल्टिप्लेक्सर, वॉर्डाच्या इमारतींत दुसरा, आणि मध्यें तंतूंची एक जोडी, एक जाणाऱ्या प्रकाशासाठीं व एक येणाऱ्या प्रकाशासाठीं, अशी रचना असते. कांचेंतून वीज जात नाहीं हें वर सांगितलेंच आहे. मग वॉर्डांतील टेलिफोनची घंटा कशी वाजते? ती युक्ति अशी. एक्स्चेंज नेहमींप्रमाणें घंटेचा वीजप्रवाह पाठवितें. जवळचा मल्टिप्लेक्सर तो प्रवाह ओळखून केवळ "घंटा आली" एवढी वर्दी प्रकाशानें पुढें धाडतो. दूरचा मल्टिप्लेक्सर ती वर्दी वाचून आपल्या पदरचा प्रवाह उत्पन्न करतो आणि घंटा वाजवितो. परिचारिकेनें टेलिफोन उचलला कीं त्याची वर्दी उलट दिशेनें येते. म्हणजे जवळचें यंत्र एक्स्चेंजपुढें टेलिफोन असल्याचें सोंग घेतें, आणि दूरचें यंत्र टेलिफोनपुढें एक्स्चेंज असल्याचें सोंग घेतें. दोन्ही सोंगें चांगलीं वठलीं म्हणजे मधला अर्धा मैल कोणालाच जाणवत नाहीं.

वेळापत्रक म्हटलें कीं घंटाहि एकच असली पाहिजे. शाळेंतल्या दोन इमारतींत दोन निरनिराळीं घड्याळें असलीं तर आज एक मिनिटाचा, उद्यां दोन मिनिटांचा फरक पडत पडत अखेर एक वर्ग दुसऱ्याच्या दाराशीं उभा राहतो. तीच गत येथें होते. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाख ठोक्यांमागें पन्नास ठोक्यांचा जरी फरक असला, तरी दर अडीच सेकंदांनीं मापांची एक फेरी गळते किंवा दुबार होते. बोलणाऱ्याला मधूनच टक् असा आवाज येतो. पण फॅक्सवरून पाठविलेल्या कागदाच्या ओळी बिघडतात, आणि दोष टेलिफोनचा, कागदाचा कीं केबलचा याचा वाद महिनोन् महिने चालतो. उपाय सोपा आहे. एका घड्याळाला धनी नेमावें आणि इतरांनीं येणाऱ्या प्रकाशांतूनच त्याचा ताल उचलावा. बाहेरच्या टेलिफोन कंपनीची अंकपद्धतीची वाहिनी आवारांत येत असेल तर धनीपण तिच्याकडेच द्यावें. दोन धनी नेमूं नयेत, आणि एकहि न नेमणें तर त्याहून वाईट.

येथपर्यंतची सर्व रचना उत्तम साधली तरी एक प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत मोठा आहे. पूर्वी शंभर टेलिफोनांच्या शंभर वाटा होत्या. त्यांतील एक जोडी तुटली तर एक टेलिफोन बंद पडे. नव्याण्णव चालूं राहत. आतां शंभरांची वाट एकच झाली. पाण्याच्या नळासाठीं खणणाऱ्या यंत्राचा एक फटका त्या तंतूवर बसला कीं शंभरहि टेलिफोन एका क्षणांत मुके होतात. काटकसरीनें जें एकत्र केलें तें संकटानेंहि एकत्रच सांपडतें. आरंभीच्या गोष्टींत बोर्डावरच्या माणसानें जोडून दिलेलें संभाषण कोठें नाहींसें झालें, याचें एक उत्तर हें असूं शकतें.

म्हणून जाणते लोक तंतूचें वर्तुळ करतात. मुख्य इमारतीपासून पहिली, तेथून दुसरी, तेथून तिसरी आणि तिसरीपासून निराळ्या वाटेनें पुन्हां मुख्य इमारत. वर्तुळ एके ठिकाणीं तुटलें तर प्रकाश उलट्या दिशेनें फिरून त्याच ठिकाणीं पोंचतो. चांगल्या यंत्रांत हा बदल सेकंदाच्या विसाव्या भागांत होतो. बोलणाऱ्याला क्षणभर शब्द अडखळल्यासारखा वाटतो, एवढेंच. परंतु येथें एक फसवणूक संभवते आणि ती हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं. खणण्याचा खर्च वांचविण्यासाठीं जातें व येतें असे दोन्ही तंतु एकाच चरांत, कधीं कधीं एकाच नळींत घालतात. कागदावर वर्तुळ दिसतें, जमिनींत मात्र दोरी असते. एकच फटका दोहोंनाहि तोडतो. दुसरी वाट ती, जी दुसऱ्या रस्त्यानें जाते. या व्याख्येंत तडजोड करूं नये. दुसरा चर खणणें ज्या संस्थेला परवडत नाहीं, तिनें निदान महत्त्वाच्या खोल्यांपुरत्या तांब्याच्या चार जोड्या जुन्या वाटेनें जिवंत ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट विजेची. तांब्याचा जो गुण पूर्वी सांगितला तो आतां आठवावा. कांचेंतून आवाज जातो, पण अठ्ठेचाळीस व्होल्ट जात नाहींत. वॉर्डाच्या इमारतींतील मल्टिप्लेक्सर त्याच इमारतीच्या विजेवर चालतो. रात्रीं तेथील वीज गेली आणि त्या यंत्राला स्वतःची बॅटरी नसली तर तंतु शाबूत, एक्स्चेंज जागें, बोर्डावरचा माणूस तत्पर, आणि तरीहि वॉर्ड मुका. ज्या वेळीं टेलिफोनची सर्वांत अधिक निकड असते तीच ही वेळ. मोठ्या आवारांत जनित्र असतेंच असें पुष्कळांस वाटतें. पण जनित्राची वीज शस्त्रक्रियेच्या दालनाला दिली आणि जिन्याखालच्या कपाटांतल्या त्या लहानशा पेटीला द्यावयाची राहिली, अशी चूक सहज होते. त्या पेटीशेजारीं बॅटरी असावी, ती किती तास पुरते हें लिहून लावलेलें असावें, आणि सहा महिन्यांतून एकदां मुद्दाम वीज बंद करून टेलिफोन चालतो कीं नाहीं हें पाहावें. शिशाच्या बॅटरीचें आयुष्य उन्हाळ्यांत झपाट्यानें घटतें. सोलापूरच्या बंद कपाटांत तर अधिकच. तहान लागल्यावर विहीर खणण्याची संवय येथें फार महाग पडते.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. ती म्हणजे नकाशा. तंतु तुटल्यावर तो कोठें तुटला हें शोधणारें साधन उपलब्ध आहे. तें तंतूंत प्रकाशाची एक टिचकी मारतें आणि प्रतिध्वनि परत येण्यास किती काळ लागला तें मोजतें. कांचेंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो, म्हणून जाऊन येऊन दहा लाखांश सेकंदांचे दहा भाग लागले तर तुटकी जागा एक किलोमीटरावर आहे, असें तें अचूक सांगतें. पण तंतूचें एक किलोमीटर म्हणजे जमिनीवर कोणतें ठिकाण, पिंपळाजवळ कीं पाण्याच्या टाकीमागें, हें सांगण्यास नकाशाच हवा. ज्यानें केबल घातली तो निवृत्त झाला आणि नकाशा त्याच्या डोक्यांतच राहिला, ही अवस्था कित्येक संस्थांची आहे. तो नकाशा कागदावर उतरवून बोर्डावरच्या माणसापाशीं आणि आवारांत खणण्याची परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर ठेवला, तर पुष्कळसे तंतु तुटणारच नाहींत.

अलीकडे या जोडणीचें रूप पालटत आहे. नव्या इमारतींत आवाजाचीं मापें ठराविक तासांत न बसवितां लहान लहान पाकिटांत भरून, संगणकाच्या जाळ्यावरून, त्याच कांचतंतूनें पाठवितात. त्यामुळें नव्या ठिकाणीं मल्टिप्लेक्सरची गरज कमी झाली आहे. ज्या आवारांत जुने टेलिफोन, धोक्याच्या घंटा आणि फॅक्सचीं यंत्रें अजून आहेत तेथें तो उपयोगी पडतो. परंतु आवाज तासांनीं जावो वा पाकिटांनीं जावो, तंतु एकच असेल तर तो तुटल्यावर मौनच पसरतें, आणि वॉर्डांतील पेटीची वीज गेली तर पाकिटेंहि तेथेंच थांबतात. यंत्र नवें झालें म्हणून दुसरी वाट, बॅटरी आणि नकाशा यांतून कोणाची सुटका होत नाहीं.

मैंदर्गीच्या त्या घरांत सून अजून टेलिफोनजवळ उभी आहे. तिला बत्तीस तासांचें वेळापत्रक ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं. तिला एवढेंच हवें आहे कीं, बोर्डावरच्या माणसानें "जोडून देतों" म्हटल्यावर पलीकडे खरोखर घंटा वाजावी, कोणी तरी टेलिफोन उचलावा आणि भाऊजींच्या तोंडून "आईला आतांच डोळा लागला आहे, तुम्हीहि निजा" असें तिला ऐकूं यावें. तें शब्द तिच्यापर्यंत पोंचतील कीं नाहीं, याचा निर्णय त्या रात्रीं होत नसतो. ज्या दिवशीं आवारांतील दुसऱ्या चराचा खर्च मंजूर करावा कीं खोडून टाकावा, हा कागद कोणाच्या तरी टेबलावर आला होता, त्या दिवशींच तो होऊन गेलेला असतो.